पाझर तलावाचा हेतू आणि त्याच्या पाळीची राखण
(दुष्काळ निवारण कमिटीच्या वर्गणीदारांपुढे, छत्रपती संभाजीनगर येथे केलेले भाषण)



धान्य, चारा व पिण्याचे पाणी या सदरांखाली कमिटीने केलेल्या खर्चाचा हिशेब आपल्या हाती आहेच. त्यावर मला अधिक बोलावयाचे नाही. माझ्याकडे सोपविलेला विषय पुढील कामाचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यातील लहान मातीच्या तलावांचा आहे. मी स्थापत्यविद्येचा पदवीधर नव्हे, वकील आहे. परंतु जेथे परोपकाराच्या द्रव्याने एखादी पाळ उभी राहते आणि तिच्याखाली लोकांची घरे असतात, तेथे वकिलालाही चार शब्द बोलण्याचा अधिकार पोचतो असे मी समजतो.

प्रथम हेतूविषयी. आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी दिसते की, जो तलाव वैशाखात कोरडा पडला तो वाया गेला. पाझर तलावाच्या बाबतीत ही समजूत अगदी उलटी आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे 700 मिलीमीटर पाऊस पडतो. म्हणजे आपण वाळवंटात राहतो असे नाही. पण हा पाऊस थोड्याच दिवसांत धो धो कोसळतो, आणि ओढ्यानाल्यांनी वाहून बहुतांशी गोदावरीकडे निघून जातो. जमिनीखाली आहे काळा पाषाण. त्याचा वरचा कुजका, भेगाळ थर तेवढाच पाणी धरतो. पाळीने अडविलेले पाणी या भेगांतून सावकाश मुरते व खालच्या अंगच्या विहिरींना जाऊन मिळते. उघड्यावर राहिलेले पाणी उन्हाने उडून जाते. मुरलेले पाणी उडत नाही. तेव्हा माघ-फाल्गुनात तलाव रिता झाला व खालच्या विहिरींना पाणी टिकले, तर त्या तलावाने आपले काम चोख बजावले असे समजावे. वर्गणीदारांनी तलाव पाहावयास जरूर जावे, परंतु पाळीवर उभे राहून परत न फिरता खालच्या चार विहिरींत डोकावून यावे.

जमिनीखालच्या पाण्यावर विश्वास ठेवणे ही या शहराची जुनीच रीत आहे. मलिक अंबराने 1610 साली खडकी वसविली, आणि पुढे डोंगराकडील झिरपते पाणी भूमिगत नहरीने गावात आणले. पाणचक्कीवर फकीर-मुसाफिरांसाठी दळण होई, ते अशाच नहरीच्या पाण्यावर. त्या नहरी शतकानुशतके चालल्या त्या केवळ बांधणीच्या जोरावर नव्हेत, त्यांची निगा राखली जाई म्हणून. आणि जेथे त्यांच्यावर घरे चढली व निगा सुटली, तेथे त्या बंद पडल्या.

आता सुरक्षिततेकडे वळतो, आणि येथे मला थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. दुष्काळात बांधलेल्या पाळीची परीक्षा दुष्काळात होत नाही. ती पहिल्या चांगल्या पावसाळ्यात होते. बांधतेवेळी सर्वांच्या मनात एकच चिंता असते, ती हाताला काम देण्याची. 1972-73 च्या दुष्काळाचे उदाहरण घ्या. मे 1973 च्या सुमारास महाराष्ट्रात सुमारे 50 लक्ष माणसे सरकारी कामांवर राबत होती. खडी फोडणे, रस्ते, नालाबंदी, पाझर तलाव अशी ती कामे. सुखडी आणि मिलो खाऊन त्या पिढीने दिवस काढले. त्या कामांनी लोक जगले, आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला, ही या प्रांताला भूषणावह गोष्ट होय. परंतु मातीची पाळ घट्ट बसण्यास माती थरांथरांनी घालून, प्रत्येक थरावर पाणी शिंपून ती रूळाने वा धुमसाने चोपावी लागते, आणि दुष्काळात मजूर मिळतात, माती मिळते, शिंपावयास पाणी मिळत नाही! कोरडी माती कितीही चोपली तरी तिच्यात पोकळी राहते. मोजणी खोदलेल्या मातीची होते, चोपलेल्या थरांची क्वचितच. अशी पाळ बाहेरून भरीव दिसते, पण पहिल्यांदा पोटाशी पाणी उभे राहिले की खचू लागते.

मातीची पाळ फुटते ती मुख्यतः दोन वाटांनी. एक वाट वरून. सांडवा अरुंद असला, गवता-झुडपांनी तुंबला, अथवा अधिक पाण्याच्या हव्यासाने कोणी त्यावर दगड-गोण्या रचल्या, तर पुराचे पाणी पाळीच्या माथ्यावरून जाऊ लागते. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेले तर फारसे बिघडत नाही. मातीच्या पाळीवरून गेले तर काही तासांत भगदाड पडते. दुसरी वाट आतून. घुशी-खेकड्यांची बिळे, वठलेल्या झाडांच्या मुळांनी सोडलेल्या पोकळ्या, विमोचकाच्या नळालगतची सैल माती, यांतून पाणी वाट काढते व कण कण माती वाहून नेते. पाळीच्या पायथ्याशी निवळ पाणी पाझरत असेल तर त्यावर नजर ठेवावी. तेच गढूळ येऊ लागले तर त्याच घटकेस खालच्या वस्तीला उठवावे, कारण गढूळ पाण्यात पाळीचीच माती असते.

ही भीती काल्पनिक नव्हे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले व पुणे शहर पाण्याखाली गेले, हे वडीलधाऱ्यांना सांगावयास नको; ते काम पुरे होण्यापूर्वीच त्यात पाणी भरले होते. ते मोठे धरण होते असे आपण म्हणाल. तर चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण लघुपाटबंधाऱ्याचेच होते. 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटले आणि खालच्या वाडीतील वीसांहून अधिक माणसे वाहून गेली. गळतीविषयी गावकऱ्यांनी आधीच तक्रार केली होती. त्यावेळी एका मंत्रिमहाशयांनी दोष खेकड्यांवर ठेवला व सर्व महाराष्ट्र हसला. माझ्या मते हसण्याजोगी गोष्ट खेकडे ही नव्हती. खेकडे पाळ पोखरतात हे खरेच आहे. परंतु पाळीवरून रोज माणूस फिरत असता तर ती बिळे त्याच्या दृष्टीस पडली नसती काय?

आता माझ्या धंद्यातील एक-दोन गोष्टी सांगतो. 2021 साली संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. पाहणी, दुरुस्ती, आणीबाणीची व्यवस्था या सर्वांची त्यात तरतूद आहे. परंतु तो लागू होतो 15 मीटरहून उंच धरणांना, आणि 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांपैकी लांबी, साठा वगैरे ठराविक अटी पुऱ्या करणाऱ्यांना. आपण ज्या पाळी बांधणार त्या बहुतेक याहून ठेंगण्या. त्यांच्यासाठी या कायद्याचा कोणीही पाहणारा येणार नाही. म्हणजे उंच धरणाला सरकारचे पहारेकरी, आणि गावतलावाला आपण.

दायित्वाचा प्रश्न जमीनदार मंडळी मला नेहमी विचारतात. इंग्लंडात 1868 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात असा निवाडा दिला की, आपल्या जमिनीवर पाणी साठवून ठेवणाऱ्याने ते आपल्या जोखमीवर ठेवावे. ते शेजाऱ्याच्या खाणीत शिरले तर चूक नसली तरी भरपाई द्यावी. मद्रास इलाख्यातील कार्वेतीनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीत फुटून रेल्वेचे पूल वाहून गेले, तेव्हा कंपनीने याच निवाड्याचा आधार घेऊन दावा केला. प्रिव्ही कौन्सिलने 1874 साली तो फेटाळला. या देशात तलाव राखणे हे जमीनदाराचे पुरातन कर्तव्य आहे, त्यावर रयतेचे जीवन अवलंबून आहे, म्हणून हयगय सिद्ध झाल्याखेरीज तो जबाबदार नाही, असा त्याचा आशय. हे ऐकून कित्येकांचा जीव भांड्यात पडतो. पण "हयगय सिद्ध झाल्याखेरीज" हे शब्द विसरू नयेत. ज्या कर्तव्याने संरक्षण मिळाले तेच कर्तव्य राखणीचे आहे. सांडवा तुंबलेला ठेवणाऱ्यास या निवाड्याचा आडोसा मिळणार नाही, असे मला वाटते.

म्हणून कमिटीपुढे माझी सूचना अशी. कोणत्याही पाळीस द्रव्य देताना प्रथम सांडव्याची मापे जाणत्या अभियंत्याकडून ठरवून घ्यावी व सांडवा पुरा झाल्यावाचून पाळीत पाणी अडवू देऊ नये. गाळ काढण्यास आपण उदारपणे देता, कारण गाळ शेतात पडलेला दिसतो; ते देणे चालू ठेवावे, मात्र पाळीच्या पायथ्यालगत खोदू नये, ही अट पावतीवरच छापावी. पाळीवर बाभळीची रोपे वाढू देऊ नयेत; गवत असू द्यावे. मृगापासून हस्तापर्यंत गावातील एक इसम वेतनावर नेमावा, त्याने सकाळ-संध्याकाळ पाळीवरून व पायथ्यावरून फिरावे, आणि खालच्या वस्तीला इशारा कसा द्यावयाचा हे आधीच ठरवून ठेवावे. सांडव्यावर गोण्या रचण्याचा मोह खालच्या बागायतदारांना होतो, आणि बुडीत जमिनीचे मालक कधी सांडवा फोडतात. दोघांनाही एकत्र बसवून सांडव्याची उंची लेखी मुक्रर करून घेणे हे काम मी व माझे दोन व्यवसायबंधू विनामूल्य करू.

राहिला पैसा. पाळीसाठी आलेल्या प्रत्येक 100 रुपयांपैकी 15 रुपये राखणनिधी म्हणून वेगळे ठेवावे व त्याचे फक्त व्याज खर्चावे, असा ठराव मी मांडतो. व्यापारी मंडळींना पाळीवर नावाची शिळा हवी असते, आणि त्यात गैर काही नाही; परंतु राखणदाराच्या वेतनावर शिळा बसत नाही म्हणून ते सदर नेहमी रिते राहते. या वर्षीच्या पावतीपुस्तकात "बांधणी" व "राखण" अशी दोन सदरे छापली आहेत. सभेनंतर चिटणीस आपल्याकडे येतील, तेव्हा दुसऱ्या सदरातही आकडा भरावा, ही विनंती.