लांब शिकायला गेलेली लेक परत येते तेव्हा

 

आपल्या धाराशिव जिल्ह्याला गाव सोडून जाणं नवं नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला वाशी, कळंब, भूमकडची कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन कारखान्याला जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यात बाया असतात, पोरी असतात. त्यांना कुणी अडवत नाही. पण लेक म्हणाली, "मला शिकायला लांब जायचंय," की घरात चर्चा सुरू होते. एकटी कशी राहील? लोक काय म्हणतील? शिकून परत येईल का, आणि आली तर इथं तिच्या शिक्षणाचा काय उपयोग?

आमच्या गटाच्या बैठकीतही हे प्रश्न निघतात. म्हणून आज आम्ही एका लेकीची गोष्ट सांगणार आहोत. ती पार इंग्लंडला शिकायला गेली आणि परत आली. तिचं काम आपल्या चुलीजवळचं आहे. तिचं नाव डॉक्टर कमला सोहोनी. माहेरच्या त्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत त्यांच्या सख्ख्या बहीण.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील आणि चुलते दोघंही रसायनशास्त्र शिकलेले. कमलाबाईंनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवली, तीही पहिल्या क्रमांकानं. पुढच्या संशोधनासाठी त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील आणि चुलते तिथंच शिकलेले होते. तिथले प्रमुख होते नोबेल पारितोषिक मिळवलेले सर सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला. कारण एकच, ही मुलगी आहे.

कमलाबाई घरी रडत बसल्या नाहीत. गांधीजींना मानणाऱ्या होत्या, त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष परीक्षेचं, काम पटलं तरच पुढं. गुरू सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करायचं. आणि तुमच्यामुळं इथल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये! मुलांचं लक्ष विचलित झालं तर दोष मुलीचा, हे आपल्याला ओळखीचं वाटतं ना?

तिथं त्यांनी दूध आणि कडधान्यातल्या प्रथिनांवर काम केलं. शरीर वाढायला, झीज भरून यायला लागतात ती ही प्रथिनं. काम इतकं चोख झालं, की त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. एक लेक उंबऱ्यावर अडून राहिली म्हणून मागच्या साऱ्यांसाठी दार उघडलं.

मग त्या इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात गेल्या. परका मुलुख, थंडी, जेवण वेगळं, आणि प्रवास बोटीचा. तिथं त्यांनी बटाट्यावर संशोधन केलं. जिवंत पेशीला श्वसनासाठी लागणारा एक पदार्थ, 'सायटोक्रोम सी' त्याचं नाव, वनस्पतींच्या पेशीतही असतो, हे त्यांनी दाखवलं. चौदा महिन्यांत काम पुरं केलं. प्रबंध अवघा ४० पानांचा. १९३९ साली पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय बायांपैकी त्या एक.

आणि त्याच वर्षी त्या परत आल्या. स्वातंत्र्याची चळवळ चालू होती, आपलं शिक्षण आपल्या देशाच्या कामी यावं असं त्यांना वाटत होतं. आधी दिल्लीला शिकवलं, मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केलं. १९४७ साली लग्न होऊन मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. संशोधनाला विषय कोणते घेतले? नीरा, ताडगूळ, कडधान्यं, म्हणजे गरिबाच्या ताटातले.

आता आपल्या कामाची गोष्ट नीट ऐका. आपल्या शरीरात प्रथिनं पचवणारे पाचक रस असतात. कच्च्या कडधान्यात काही पदार्थ असे असतात, की ते त्या रसाला काम करू देत नाहीत. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्याकडच्या कडधान्यांतले हे पदार्थ शोधले, तपासले. धान्य नीट शिजवलं की त्यांचा जोर बराच कमी होतो.

आपल्या जिल्ह्यात सोयाबीन भरपूर. पोरांना ताकद यावी म्हणून बऱ्याच बाया गव्हाच्या दळणात कच्चं सोयाबीन टाकतात. तसं करू नका. सोयाबीन निवडून, धुऊन, उकळत्या पाण्यात २० ते ३० मिनिटं उकळा. पाणी काढा, उन्हात खडखडीत वाळवा, मग दळणात घाला. नऊ किलो गव्हाला एक किलो पुरे. आणि पेरणीसाठी औषध लावलेलं बियाणं खाण्यात चुकूनही आणू नका.

पुढं कमलाबाई त्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. १९६६ साली मुंबईत नऊ बायांनी मिळून ग्राहकांसाठी एक संस्था काढली, त्या नऊजणींत त्याही होत्या. भेसळ, वजनमाप, फसवणूक यावर बायांना जागं करण्याचं काम त्यांनी म्हातारपणीही केलं. १९९८ साली त्या गेल्या.

बायांनो, या गोष्टीत कमलाबाईंची जिद्द आहेच. पण त्यांच्या घरानं त्यांना जाऊ दिलं आणि परत आल्यावर त्यांना काम करायला जागा मिळाली, हेही तितकंच मोठं आहे. आपल्याकडं नर्सिंग शिकलेली, शेतीचा डिप्लोमा केलेली, बी.एस्सी. झालेली लेक किंवा सून गावात असते. तिला आपण पाव्हण्यांसमोर चहा आणायला सांगतो. तिला काय येतं, हे कधी विचारतो का?

म्हणून पुढच्या बैठकीत दोन कामं करू. पहिलं, गावातल्या दहावी-बारावी झालेल्या मुलींची यादी करू आणि प्रत्येकीला विचारू, पुढं काय शिकायचंय? वसतिगृहाला, पुस्तकाला पैसे कमी पडले तर गटाच्या बचतीतून कर्ज देता येतं. म्हशीला देतो, तसं लेकीलाही देऊ. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं ठरावीक प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली आहे. आपली लेक त्यात बसते का, हे कॉलेजात विचारा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

दुसरं काम, गावात शिकून आलेली जी कुणी असेल, तिला बैठकीत अर्धा तास बोलायला बोलवू. ती कुणाची लेक, कुणाची सून, कुठल्या आळीची, हे बघायचं नाही.

तुमच्या गटात काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.