तळी बुजली, नावं उरली



पावसाळ्यात चार दिवस झड लागली की कोल्हापुरात एक तक्रार हमखास कानावर येते, गांधी मैदानात पाणी साठलं. मग गटारांची चर्चा होते, निचऱ्याची होते. पण जुनी माणसं या भागाला अजून वरुणतीर्थ म्हणतात, आणि शहराला तटबंदी होती तेव्हा इथल्या वेशीचं नावही वरुणतीर्थ वेसच होतं. इथं तळं होतं. नाव कुणी नीट ऐकलं असतं तर दरवर्षीच्या या चर्चेची गरजच पडली नसती.

रंकाळा, पद्माळा, खंबाळा, पेटाळा, सिद्धाळा. एका घरातल्या भावंडांसारखी ही नावं, आणि सगळी तळ्यांची. शिवाजी पेठेत पेटाळ्यावर पोरं क्रिकेट खेळतात. कपिलतीर्थावर भाजी मंडई भरते. फुटबॉलसाठी जीव टाकणाऱ्या या शहराचं शाहू स्टेडियम उभं आहे ते रावणेश्वराच्या तळ्यावर. तळं गेलं तरी शेजारच्या देवळानं नाव सांभाळलं. रंकाळा तेवढा आपल्या आकारामुळं वाचला. तो मुळात दगडाची खाण होता, असं सांगतात.

खुद्द कोल्हापूरचं नाव कुठून आलं, हे विचारलं तर शाळकरी पोरसुद्धा कोल्हासुराची गोष्ट सांगेल. देवीनं त्याला मारलं, मरताना त्यानं मागितलं की या क्षेत्राला माझं नाव राहू दे. गोष्ट मला आवडते. वैऱ्याची शेवटची इच्छा पाळणारी देवी आपल्याला लाभली! पण शिलाहार राजांच्या काळच्या कोरीव लेखांत या गावाला ‘क्षुल्लकपूर’ म्हटलेलं आहे, तिथं असुर कुठंच नाही. आणि कन्नडात ‘कोळ’ म्हणजे तळं. शहराचं नाव त्यावरूनच पडलं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मात्र पंचगंगेच्या या काठावर मराठी आणि कन्नड शेकडो वर्षं शेजारी नांदल्या आहेत. तेव्हा नावाचा शोध एकट्या मराठीत घेऊन भागत नाही, हे नक्की.

काही नावांचा असा शोध घ्यावा लागत नाही. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये व्यापारी पेठ वसवली, ती शाहूपुरी. एका धरणाजवळच्या गावाला त्यांच्या कन्या राधाबाईंचं नाव मिळालं, ते राधानगरी. जयसिंगपूर हे महाराजांचे जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाचं. सगळं स्वच्छ, कागदोपत्री.

वळिवड्याची हकीकत मात्र निराळी. शहरापासून अगदी जवळचं हे गाव. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेनं हजारो पोलिश कुटुंबं सैबेरियाकडं हाकलली होती. तिथून सुटून इराणमार्गे आलेल्या निर्वासितांसाठी १९४३ मध्ये वळिवड्याला छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं होतं. १९४८ पर्यंत ती मंडळी पांगली, आणि त्याच जागेवर फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांना आसरा मिळाला. वस्तीला नाव पडलं गांधीनगर. आज लग्नाचा बस्ता बांधायला आपण गांधीनगरला जातो, तेव्हा तिथं कधी पोलिश पोरं खेळत होती हे ते नाव सांगत नाही. पण पुढं पांगलेल्या त्या पोरांनी म्हातारपणी आठवणी सांगितल्या, त्या ‘वळिवडे’ याच नावानं.

आता शहर सोडून शिवारात जाऊ, कारण नावांचा खरा तोटा तिथं होतोय. गावंदर, मळी, माळ, टेक, वडाचं शेत, पाणंदीकडचा तुकडा. आजीनं भाकरी कुठं पोचवायची हे या नावांवरून ठरायचं. जमीन एकत्रीकरण योजनेनंतर शेतांना गट नंबर आले. त्यानं मोजणी सोपी झाली, मान्य. पण गट नंबर सांगून कुणी कुणाला बांधावर बोलवत नाही. अशी नावं जपताही येतात. आयर्लंडमध्ये १८२४ पासून सरकारी मोजणी सुरू झाली, त्या कामात पुढं जॉन ओडोनोव्हन नावाचा अभ्यासक गावोगाव जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून जागांची नावं विचारून लिहून घ्यायचा. त्याच नोंदींवर तिथली माणसं आज आपल्या गावांची मुळं शोधतात.

आपल्याकडं तर सातबाऱ्यावरच जागा ठेवलेली आहे. वरच्या बाजूला पाहा, ‘शेताचे स्थानिक नाव’ असं छापलेलं असतं. पुढं बहुतेकदा कोरं. तेव्हा एक काम करा. या रविवारी घरातल्या थोरल्या माणसाला शिवारात घेऊन जा, चालवत नसेल तर खाटेजवळ बसा, आणि प्रत्येक तुकड्याचं, ओढ्याचं, विहिरीचं नाव वहीत उतरवून घ्या. नाव का पडलं, तेही विचारा. दोन माणसं दोन गोष्टी सांगतील, दोन्ही लिहा. आणि पुढच्या वेळी तलाठ्याकडं गेलात की त्या कोऱ्या जागेचं काय करता येईल, एवढं जरूर विचारा.