आईची छाती, बाळाची छाती

(संस्थेच्या वार्षिक हितचिंतक मेळाव्यात दवाखान्यातील सिस्टरांनी केलेलं भाषण)



दवाखान्याचा वर्षाचा अहवाल छापून तुमच्या हाती दिलेला आहे, त्यामुळे मी इथे आकडे वाचत नाही. मला वीस मिनिटं मिळाली आहेत. त्यात मी माणसाच्या शरीराच्या एकाच भागाविषयी बोलणार आहे. तो भाग म्हणजे छाती: बरगड्यांची भिंत, त्या भिंतीवरचे स्तन आणि भिंतीच्या आतली फुप्फुसं. सातपुड्यातल्या पाड्यांवर लहान बाळ दगावतं ते पुष्कळदा छातीच्या आजारानं. आणि वाचतं, तेव्हा बहुतेक वेळा कुणीतरी वेळेवर त्याचा झबला वर करून छाती नीट पाहिलेली असते.

आधी बरगड्या. शब्बाथ शाळेतली मुलं मला हमखास विचारतात, "सिस्टर, आदामाची एक फासळी काढली, मग पुरुषांना एक फासळी कमी असते का?" नसते. पुरुष असो की स्त्री, बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. सगळ्या मागे पाठीच्या कण्याला जोडलेल्या. वरच्या सात जोड्या पुढे छातीच्या मधल्या हाडाला स्वतंत्रपणे येऊन मिळतात. पुढच्या तीन आपल्या वरच्या बरगडीचा आधार घेतात. शेवटच्या दोन पुढच्या बाजूनं मोकळ्याच राहतात. बरगडी आणि मधलं हाड यांच्यामध्ये कूर्चा असते, म्हणजे कानाच्या वरच्या भागासारखा लवचिक, हाडाहून मऊ भाग. म्हणूनच ही भिंत हलू शकते.

ही भिंत हलते तेव्हाच श्वास होतो. फुप्फुसांना स्वतःला हवा ओढता येत नाही, कारण त्यांच्यात ओढणारे स्नायूच नाहीत. छातीच्या तळाशी घुमटासारखा एक पातळ स्नायू आहे, त्याला श्वासपटल म्हणतात. तो खाली दबतो, बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात, आतली जागा वाढते आणि हवा आपोआप आत येते. लोहाराचा भाता पाहिला असेल, तर तो डोळ्यांसमोर आणा. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा हवी. आत श्वासनळीच्या फांद्या फुटत फुटत जातात आणि टोकाला हवेचे बारीक फुगे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. मोठ्या माणसात ते ३० ते ५० कोटी असतात. तिथे हवेतला प्राणवायू रक्तात जातो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मातीचा माणूस जिवंत होतो तो श्वासानं, हे आपण लहानपणापासून ऐकलं आहे. तो श्वास मिनिटाला बारा ते वीस वेळा आपल्या आत येतो आणि आपलं लक्षही जात नाही.

आता बाळाची छाती पाहू. बाळ म्हणजे छोटा केलेला मोठा माणूस नव्हे. आपल्या बरगड्या पुढे उतरत्या असतात, म्हणून त्या उचलून आपण खोल श्वास घेऊ शकतो. तान्ह्या बाळाच्या बरगड्या जवळजवळ आडव्या असतात आणि त्यांत कूर्चा जास्त असते. बरगड्या उचलून श्वास खोल करणं त्याला फारसं जमत नाही. ते जवळजवळ सगळा श्वास श्वासपटलानं घेतं, म्हणून निरोगी बाळाचंही पोट वरखाली होताना दिसतं. आणि जास्त हवा लागली, तर त्याच्याकडे एकच उपाय उरतो: भराभर श्वास घेणं.

निमोनियात वायुकोश पू आणि पाण्यानं भरतात. फुप्फुस कडक होतं. बाळ जोर लावून हवा ओढतं, पण भिंत मऊ असल्यामुळे हवा आत येण्याऐवजी भिंतच आत ओढली जाते. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, जिथे बरगड्या संपतात तिथे, बाहेर येण्याऐवजी आत खचतो. आम्ही त्याला छाती ओढणं म्हणतो. हे दिसलं, की बाळाला निमोनिया आहे असं धरायचं आणि दवाखान्याची वाट धरायची. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर एक तासही थांबायचं नाही.

त्याच्याही आधी कळण्याची खूण म्हणजे श्वासांची मोजणी. बाळ शांत असताना, रडत नसताना आणि पीत नसताना, झबला वर करायचा आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर ती धोक्याची खूण. एवढ्यासाठी एक्स-रे लागत नाही, रक्त तपासावं लागत नाही. नजर लागते आणि धीर लागतो.

हे काम कमी शिकलेल्या बाईलाही जमतं का? आपल्याच महाराष्ट्रात त्याचं उत्तर मिळालं आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९८८ पासून गावातल्याच माणसांना आणि दायांना निमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. ज्यांना मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी त्यांनी एक साधं साधन बनवलं. वाळूचं एका मिनिटाचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, की निमोनिया. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झालं. ज्या गावांत ही व्यवस्था होती तिथे निमोनियानं होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या मानानं निम्म्याहूनही कमी होते. जगभरच्या बालआरोग्याच्या कामाला त्याचा उपयोग झाला.

आता एक कठीण गोष्ट बोलते. काही पाड्यांवर अजूनही आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्यानं किंवा सळईनं डाग देतात. शहरातले लोक ऐकतात आणि म्हणतात, "किती अडाणी!" मी तसं म्हणत नाही. त्या आजीनं बाळाकडे नीट पाहिलेलं असतं. पोट उडतंय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, हे तिला दिसलेलं असतं. निदान तिचं बरोबर असतं. उपाय चुकीचा असतो आणि तो बाळाला आणखी दुखवतो, जखम चिघळते, वेळ जातो. म्हणून आमच्या बायका पाड्यावर जातात तेव्हा आजीला रागावत नाहीत. "आजी, तुम्ही बरोबर ओळखलंत. आता विळा तापवू नका, आम्हांला हाक मारा," असं सांगतात. अपमान केला तर पुढच्या वेळी बाळ आमच्यापासून लपवलं जातं.

आता आईच्या छातीकडे येते. स्तन हा शब्द चर्चमध्ये उच्चारायला आपल्याला संकोच वाटतो. पण देवानं तो अवयव नेमका त्याच बरगड्यांच्या भिंतीवर, साधारण दुसऱ्या आणि सहाव्या बरगडीच्या मध्ये ठेवला आहे, आणि बाळाच्या फुप्फुसाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

स्तनाच्या आत दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचे १५ ते २० घोस असतात, द्राक्षांच्या घडासारखे. प्रत्येकातून नळी निघून स्तनाग्राकडे जाते. बाकी भाग चरबीचा. स्तन लहान असले तर दूध कमी, हा समज खोटा आहे, कारण आकार ठरतो चरबीवर. बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं. बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस जो घट्ट पिवळसर चीक येतो, त्यात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं भरपूर असतात. पुष्कळ घरांत तो पिळून टाकतात आणि बाळाला मध किंवा गूळपाणी चाटवतात. म्हणजे घराचं दार बसवायचं आणि कडी काढून टाकायची. जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेणं आणि सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, एवढं पाळलं तर निमोनिया आणि जुलाब या दोन्हींचा धोका पुष्कळ कमी होतो.

आणि इथे दोन छात्या एकमेकींना भेटतात. बाळ ओढतं, गिळतं, श्वास घेतं, पुन्हा ओढतं. ज्याचा श्वास भराभर चालला आहे त्याला या तिन्हींचा मेळ बसवता येत नाही. ते स्तन तोंडात घेतं आणि सोडून देतं. म्हणून "बाळ पीत नाही" असं आई म्हणाली, की आमची ताई आधी बाळाची छाती उघडून पाहते. पाड्यावर डॉक्टर नसेल, पण आईची छाती रोज दहा वेळा बाळाला तपासत असते.

कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळासाठीही हीच छाती कामी येते. १९७८ मध्ये कोलंबिया देशात बोगोटा शहरी डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी, काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत असताना, अशी बाळं आईच्या उघड्या छातीवर, अंगाला अंग लावून ठेवायला सुरुवात केली. बाळाला ऊब मिळते, दूध जवळ असतं, श्वास सुधारतो. आता जगभर ती पद्धत आहे. सातपुड्यातल्या हिवाळ्यात, वीज गेलेल्या रात्री, तिचं मोल मला वेगळं सांगायला नको.

इथे बसलेल्या माझ्या बहिणींसाठीही चार शब्द. स्तनात गाठ लागली आणि ती दुखत नाही, म्हणून बाई गप्प बसते. कर्करोगाची गाठ बहुतेक वेळा सुरुवातीला दुखतच नाही. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. गाठ, कातडीला पडलेली खळी, स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, काखेत गाठ, यांपैकी काही दिसलं तर दाखवा. गाठ अजून मोकळी हलते आहे तोवर उपाय सोपा असतो. ती छातीच्या भिंतीला चिकटली, काखेत पोहोचली, की अवघड होतो. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ पासून वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख महिलांचा वीस वर्षं अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी फक्त हातानं तपासलं. रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या महिलांमध्ये या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. डोंगरातली बाई लाजते आणि चर्चमधली बाई लाजत नाही, असं काही मला दिसलेलं नाही.

चुलीचा धूर आणि क्षय यांविषयी थोडक्यात. बंद झोपडीतला धूर बाळाची फुप्फुसं कमजोर करतो, म्हणून स्वयंपाक चालू असताना बाळाला चुलीपासून दूर, दाराजवळ ठेवायला आम्ही सांगतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची. मिरजेला १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशन दवाखाना उभारला, आणि त्यांच्या नावाच्या वॉनलेसवाडीत क्षयरोग्यांची सेवा झाली. छातीच्या रोग्याची सेवा हा आपल्या मंडळ्यांचा जुना वारसा आहे.

शेवटी तुमच्याकडे मागणं. तुम्ही प्रेमानं विचारता, "सिस्टर, दवाखान्याला एखादं यंत्र देऊ का?" जरूर द्या. प्राणवायू देणारं यंत्र आम्हांला हवंच आहे. पण ते यंत्र दवाखान्यात असतं आणि बाळ तीन डोंगर पलीकडे. बाळाला झोळीत घालून नदी ओलांडून आणेपर्यंत उशीर झालेला असेल, तर यंत्राचा उपयोग नाही. म्हणून माझी विनंती अशी, की तुमच्या दानाचा पहिला वाटा पाड्यावरच्या बाईच्या शिक्षणाला जावा. तिचं राहणं-जेवण, तिची बुडालेली मजुरी, एक मिनिटाचं घड्याळ, आणि रात्री बाळाला आणायला गाडीचं भाडं. छायाचित्रात दाखवण्यासारखं यात काही नाही. भिंतीवर देणगीदाराच्या नावाची पाटीही लावता येणार नाही. पण बाळाचा श्वास मोजायला ती बाई तिथे असेल.

आणि आज घरी गेल्यावर एक करा. घरात नातवंड असेल तर ते झोपल्यावर त्याचा झबला हळूच वर करा आणि एक मिनिट श्वास मोजा. निरोगी श्वास कसा दिसतो ते डोळ्यांना कळलं, की आजारी श्वास लगेच ओळखू येतो. मोजून झाल्यावर त्या बाळासाठी प्रार्थना करालच. त्याच प्रार्थनेत डोंगरातल्या एका बाळाचीही आठवण ठेवा.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.