आपलं पाणी कुणाच्या दारी?

फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात उंचावर लहान लहान गावं आहेत. घरं मोजकी, थंडी कडाक्याची. मोरी-संडासाचं पाणी ओढ्यात सोडलं, तर खालच्या गावानं काय करायचं?

तिकडच्या खेड्यांत एक सोपी रीत आहे. उतारावर खडीचे तीन वाफे करून त्यांत बोरू लावतात. एका वाफ्यात तीन-चार दिवस पाणी सोडायचं, मग त्याला सात दिवस विश्रांती. गाळ वर अडतो, खडीतले जिवाणू घाण खातात, बोरूचे देठ वाट मोकळी ठेवतात. उरलेलं पाणी खालच्या वाळूच्या वाफ्यांत गाळलं जातं. पुरेसा उतार असला, की वीज लागत नाही. जागा माणशी साधारण दोन चौरस मीटर. ते पाणी पिण्याचं नव्हे, पण ओढा वाचतो. मात्र वाफा बदलायला कुणीतरी वेळेवर जावंच लागतं.

आम्ही तिथंच चुकलो. गटानं मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डे केले, पण गाळ काढायची पाळी लावली नाही. पावसाळ्यात वरच्या आळीचं पाणी खालच्या विहिरीपाशी साचलं. आता दर शनिवारी दोघींची पाळी असते.

येत्या बैठकीत तुम्हीही विचारा, आपलं पाणी कुणाच्या दारी जातं?