बांगड्याचं तेल आणि सांध्यांची सूज

आम्ही भाईंदरजवळच्या उत्तन किनाऱ्यावरून बोलतोय. इथे बोंबील वलांडीवर नुसते टांगले तरी वाऱ्या-उन्हात वाळतात. बांगड्याला मात्र पोट फाडून मीठ लावावं लागतं, आणि तरीही तो लवकर खवट होतो. बोंबलाच्या अंगात पाणीच पाणी, तेल नावाला. बांगडा, तारली ही तेलाची मासळी. हे तेल आता औषधाच्या दुकानात पिवळ्या गोळ्यांत मिळतं. आमवाताने बोटं धरलेल्या कितीतरी बायका ती बाटली आणतात आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करतात. म्हणून आजचा विषय.

सूज मुळात वाईट नाही. हातात काटा शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात. जागा लाल होते, ठणकते. काम झालं की हे सगळं थांबायला हवं. आमवातात ते थांबत नाही, पेशी आपल्याच सांध्यांवर उठतात.

प्रत्येक पेशीभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, आणि आपण कोणतं तेल खातो त्यावर त्यातली चरबी ठरते. धोका दिसला की पांढरी पेशी या आवरणातलीच चरबी तोडून हाकाटीची रसायनं बनवते. सूर्यफूल, सोयाबीनच्या तेलातली चरबी ओमेगा-६ जातीची, तिच्यातून निघणारी हाक जोरदार. मासळीतली ओमेगा-३, तिची हाक मवाळ. शिवाय तिच्यापासून ‘पुरे, आता आवरा’ असं सांगणारी रसायनंही बनतात. हार्वर्डच्या चार्ल्स सेरहान यांच्या गटाने ती शोधली आणि त्यांना रिझॉल्व्हिन हे नाव दिलं.

पण आवरणातली चरबी एका रात्रीत बदलत नाही. फरक दिसायला दोन-तीन महिने जातात. आणि किती तेल लागतं? आमवाताच्या रुग्णांवरच्या बऱ्याच अभ्यासांत ईपीए आणि डीएचए हे दोन घटक मिळून रोज सुमारे ३ ग्रॅम दिले होते. दुखणं आणि सकाळचा ताठरपणा थोडा कमी झाला, तोही औषधं चालू असताना. नेहमीच्या १००० मिलिग्रॅमच्या गोळीत हे दोन्ही मिळून साधारण ३०० मिलिग्रॅमच असतात. म्हणजे दहा गोळ्या! बाटलीवरचा मोठा आकडा तेलाचा असतो, कामाचा आकडा मागे बारीक अक्षरांत. एका गोळीच्या भरवशावर औषध सोडलं तर सांधा आतून झिजत राहतो, आणि वाकडी झालेली बोटं नंतर गोळीने सरळ होत नाहीत.

रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईने माशाच्या यकृताचं तेल, म्हणजे कॉड लिव्हर किंवा मुशीचं, मनाने घेऊ नये. त्यात अ जीवनसत्त्व फार असतं, ते बाळाला बाधू शकतं. बांगड्याच्या अंगातलं तेल वेगळं. गोळी फोडल्यावर उग्र खवट वास आला तर बाटली दुकानदाराला परत करा.

पावसाळ्यानंतर तारली चरबीवर येते आणि पापलेटच्या मानाने कितीतरी स्वस्त मिळते. आठवड्यातून दोनदा तिचं कालवण करा. सुटलेलं तेल रश्श्यात राहतं, तळताना ते कढईत जातं. मासळी न खाणाऱ्यांनी जवसाची चटणी खावी. जवसातही ओमेगा-३ आहे, पण वेगळ्या रूपातली. शरीर तिच्यापासून मासळीतली चरबी फार थोडी बनवू शकतं.