कोरी नोंद आणि शून्य पाऊस

एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, की शासनाच्या निकषानुसार ती अतिवृष्टी ठरते आणि पीकनुकसानीच्या मदतीचा विचार त्या आकड्यापासून सुरू होतो. त्यामुळे धरणगावसारख्या कपाशीच्या तालुक्यात पाऊस मोजणारे यंत्र नीट चालते की नाही, हा प्रश्न थेट शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचतो. महाराष्ट्रात २०१७ पासून महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. अशा केंद्राच्या खांबावरील बंद पेटीत डेटा लॉगर असतो, म्हणजे संवेदकांकडून येणारे विद्युत संकेत ठरावीक अंतराने वाचून, त्यांचे आकड्यांत रूपांतर करून, वेळेसह साठवणारे उपकरण.

लॉगर स्वतः पाऊस ओळखत नाही. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याखाली दोन कप्प्यांचे लहान भांडे असते. एक कप्पा भरला की ते कलते आणि प्रत्येक कलण्याबरोबर चुंबकाच्या साहाय्याने एक विद्युत स्पंद लॉगरकडे जातो. एका स्पंदाला किती पाऊस धरायचा, हे माणसाने लॉगरमध्ये भरून द्यावे लागते. मापक अर्ध्या मिलिमीटरचा असताना मांडणीत ०.२ हा आकडा राहून गेला, तर ७० मिलिमीटरची अतिवृष्टी २८ मिलिमीटरची साधी सर म्हणून नोंदली जाते, आणि यंत्रात कोठेही बिघाड दिसत नाही. तुटलेली तार डोळ्यांना दिसते. चुकीचा गुणक मात्र वर्षभर बिनबोभाट चालू राहतो, म्हणून तो अधिक घातक मानावा लागतो.

घड्याळाचेही तसेच आहे. भारतात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. लॉगरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर राहिले, तर त्यात साडेआठ वाजतात तेव्हा धरणगावात दुपारचे दोन झालेले असतात, आणि सकाळनंतर पडलेला पाऊस आदल्या दिवसाच्या खात्यात जमा होतो. एकूण बेरीज बरोबर येते, पण दिवसाचा आकडा चुकतो, आणि अतिवृष्टीचा निर्णय तर दिवसाच्याच आकड्यावर होतो.

केंद्राकडून माहिती येणेच थांबले, तर तपासणी वीजपुरवठ्यापासून करणे योग्य ठरते. खानदेशच्या उन्हाळ्यात सौर पट्टीवर धूळ बसते, बंद पेटीतील उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते आणि पावसाळ्यात सलग ढग राहिले की बारा व्होल्टची ती बॅटरी रात्री टिकत नाही. त्यानंतर जोडणीचे सैल स्क्रू, गंजलेली टोके, नरसाळ्यातील पालापाचोळा आणि कीटकांची घरटी पाहावीत. अशा खंडित काळाची नोंद कोरीच राहिली पाहिजे; तेथे शून्य लिहिले गेले, तर ‘माहिती नाही’ या वस्तुस्थितीचे ‘पाऊस पडला नाही’ असे खोटे विधान होते, आणि त्याचा भुर्दंड ज्याचे शेत वाहून गेले त्याला पडतो. उलट मुसळधार पावसाच्या रात्री शेजारच्या मंडळांत मोठे आकडे असताना एकाच केंद्रावर शून्य दिसले, तर नरसाळे तुंबल्याची शंका घेणे रास्त आहे.

दुरुस्तीनंतरची चाचणी सोपी आहे. मापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर २०० मिलिलिटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या मापकात भांडे सुमारे वीस वेळा कलले पाहिजे. पाणी मात्र अगदी सावकाश ओतावे, कारण धार जोराची असेल तर भांडे कलत असताना काही पाणी मोजणीतून निसटते. या चाचणीचे स्पंदही लॉगर पाऊस म्हणूनच साठवतो. म्हणून तंत्रज्ञाने तिची वेळ केंद्राच्या नोंदवहीत लिहून ते आकडे पावसाच्या बेरजेतून वगळून घेणे आवश्यक असते.