हौस नव्हे, काम
(मेळाव्यात केलेलं भाषण)



मी कुत्र्यामांजरांचे फोटो काढून पोट भरते. हे सांगितलं की लोक हसतात. “छान हौस आहे!” पैशांचा विषय निघाला की म्हणतात, “तुम्हाला प्राण्यांची आवड आहेच की!”

या कामात आधी तासभर जमिनीवर बसावं लागतं. कॅमेरा जनावराच्या डोळ्यांच्या पातळीला आणायचा, फ्लॅश मारायचा नाही. कान मागे गेले, शेपटी पोटाशी आली, की ते घाबरलंय, तिथे थांबायचं. मांजर आपणहून जवळ येते तेव्हाच तिचा स्वभाव दिसतो. न बोलणाऱ्याचं मन ओळखणं आपण बायका घरात रोज करतो. ते ‘उपजत’ म्हणून फुकट धरलं जातं. पण ते निरीक्षण आहे, शिकून येतं.

व्हिएन्नात १९११ साली जन्मलेली कामिला कॉफलर ‘इला’ या नावाने ओळखली गेली. शिल्पकला शिकलेली ही बाई पॅरिसमध्ये एर्गी लांडाऊ या छायाचित्रकार स्त्रीची मदतनीस होती. १९३३च्या सुमारास तिने पाळीव प्राण्यांच्या फोटोंचा स्वतःचा स्टुडिओ काढला. मार्च १९५५मध्ये भरतपूरला बैलगाड्यांच्या शर्यतीचे फोटो काढताना जीपवरून पडून ती गेली. तिच्या कामाला हौस म्हणाल?

आता मी दर आधीच सांगते. पहिल्यांदा सांगताना आवाज कापला होता. एक गिऱ्हाईक गेलं, पण दुसरं टिकलं. तुम्हीही आपापल्या कामाचा दर मोठ्याने सांगून बघा.